अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करायचंय? पैसे भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत खांबाखांबावर पाट्या लागतात. 'पॅरामेडिकल कोर्स, शंभर टक्के नोकरी, होस्टेलची सोय.' पाटीवरच्या नंबरावर फोन करणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर सायरन वाजवत धावणारी १०८ ची गाडी असते. पैसे भरून वर्गात बसल्यावर कळतं, कोर्स रक्त-लघवी तपासण्याचा आहे. नाहीतर एक्स-रेचा, डायलिसिसचा किंवा ऑपरेशन थिएटरचा. ही कामंही चांगली आहेत आणि त्यांना मागणीही आहे, पण ती रुग्णालयाच्या भिंतींआडची. अपघाताच्या जागी, घराच्या जिन्यात, शेताच्या बांधावर रुग्णाला पहिला हात लावून त्याला जिवंत रुग्णालयापर्यंत पोचवणारा जो पॅरामेडिक, त्याचं शिक्षण निराळं आहे. आपल्याकडे कागदावर त्याला बहुतेक वेळा 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन', म्हणजे ईएमटी म्हणतात. तेव्हा फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येणार?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि पाट्या लावणारे ती सहसा सांगत नाहीत. महाराष्ट्राची १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या; बाकी ७०४ बेसिक. नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला. इथवर सगळं इतर राज्यांसारखंच. फरक आहे तो गाडीच्या मागच्या भागात. आंध्र, तेलंगण, गुजरात इथल्या १०८ मध्ये रुग्णाशेजारी ईएमटी बसतो. महाराष्ट्राने तिथे डॉक्टर बसवायचं ठरवलं. हे डॉक्टर बहुतेक करून बीएएमएस, बीएचएमएस किंवा बीयूएमएस. राज्यात या महाविद्यालयांची आणि पदवीधरांची वाण नाही, म्हणून ते जमलंही. गाडीत दोनच माणसं: डॉक्टर आणि चालक, ज्याला सेवेत 'पायलट' म्हणतात. याचा सरळ अर्थ असा की बारावीनंतर ईएमटी झालेल्या मुलासाठी राज्यातल्या सर्वांत मोठ्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेत राखलेली खुर्ची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या १०२ गाड्या गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांची ने-आण करतात. त्यांवरही बहुतेक वेळा चालकच असतो. 'एकशेआठमध्ये हमखास लावतो' असं कुणी म्हणालं, की चहा संपवून तिथून उठा.

मला हे धोरण पूर्ण पटलेलं नाही. चुरगळलेल्या ट्रकच्या केबिनमधून माणूस मानेला धक्का न लावता कसा काढायचा, हे आयुर्वेदाच्या किंवा होमिओपॅथीच्या पदवीत मुख्य विषय म्हणून शिकवत नाहीत. त्या डॉक्टरांनाही ते वेगळं शिकावं लागतं. दोन-तीन वर्षं फक्त हेच शिकलेला माणूस तिथे जास्त शोभला असता. पण धोरण बदलेल या आशेवर कुणी आपली तीन वर्षं लावू नयेत. आज जे आहे त्यावर हिशेब मांडावा.

मग काम आहे कुठे? सगळ्यात आधी रुग्णालयांच्या अपघात विभागात, ज्याला आपण सगळे कॅज्युअल्टी म्हणतो. मोठी खासगी आणि सहकारी रुग्णालयं तिथे ईएमटी घेतात, आणि त्यांच्या कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्सवरही तीच माणसं असतात. सोलापूरचा गंभीर रुग्ण पुण्याला किंवा हैदराबादला हलवायचा तर चार-पाच तास गाडीत व्हेंटिलेटर, सिरिंज पंप आणि मॉनिटर सांभाळणारा जाणता माणूस लागतो. त्या प्रवासाचा अनुभव पुढे फार कामी येतो.

दुसरी जागा कारखान्यांत, आणि या जिल्ह्यात ती दुर्लक्षित आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४५ प्रमाणे दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी लागायची आणि ती राज्य सरकारमान्य प्रथमोपचार प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात असावी लागायची. पाचशेहून जास्त कामगार असतील तर अ‍ॅम्ब्युलन्स रूम बंधनकारक. साखर कारखाने, होटगीकडचे सिमेंट कारखाने, एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प, चिंचोळी आणि अक्कलकोट रोडची एमआयडीसी अशी ही यादी बरीच लांबते. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले. त्यानंतर तरी प्रथमोपचाराच्या तरतुदींकडे कारखानदारांनी नीट बघायला हवं. तुम्ही अर्ज घेऊन गेलात, तर आज लागू असलेल्या तरतुदी तोंडपाठ असू द्या.

तिसरी जागा शेजारच्या राज्यांत. तेलंगणची सीमा फार दूर नाही, हैदराबाद तीनशे किलोमीटर. तिथल्या १०८ सेवेचं प्रशिक्षण केंद्रही हैदराबादजवळच आहे. त्या कामाला तेलुगू बोलता यावं लागतं, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू घरचीच आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या मुलांना कन्नड येतं. विजयपूर, कलबुर्गीची रुग्णालयं त्यांना परकी नाहीत. पुण्या-मुंबईचा मुलगा जिथे अडतो तिथे तुमचं काम सोपं होतं. ही बाब अर्जात ठळक लिहा.

आता शिक्षण. दहावी झालेला असो की बारावी, कला शाखेचा असो की विज्ञानाचा, पहिली पायरी कुणालाही चढता येते: सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉसचा प्रथमोपचार वर्ग. थोड्या दिवसांचा आणि थोड्या पैशांचा. रक्त बघून आपलं काय होतं, माणसाच्या छातीवर दाबायला हात धजावतात का, हे इथे थोडंफार कळतं. त्याच्या जोडीला भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेला 'कॉल्स', म्हणजे फक्त छाती दाबून जीव वाचवण्याचा छोटा वर्ग करावा. यावर नोकरीची आशा नको. पण मोठी फी भरण्याआधी स्वतःला जोखायला याहून स्वस्त वाट नाही.

पुढची पायरी कौशल्य विकासाची. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन' या कामाचे बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे दोन स्तर ठरवले आहेत. सरकारी योजनेतून ते कधी कधी मोफतही होतात. कोविडच्या काळात, जून २०२१ मध्ये, केंद्राने सहा आरोग्य-कामांचे झटपट कोर्स काढले, त्यात 'इमर्जन्सी केअर सपोर्ट' होता. त्या लाटेत शिकलेल्यांपैकी जे पुढे शिकत राहिले त्यांचं बरं झालं. जे त्या एका कागदावर थांबले त्यांना कोविड वॉर्ड बंद झाल्यावर कुणी विचारलं नाही. झटपट कोर्सचं हे कायमचं दुखणं आहे.

म्हणून विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांनी पदवीचाच विचार करावा. याला कायद्याचं कारण आहे. केंद्राने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात 'इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट (पॅरामेडिक)' आणि 'अ‍ॅडव्हान्स केअर पॅरामेडिक' ही नावं स्वच्छ लिहिलेली आहेत. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत मिळून किमान दोन हजार तासांचं शिक्षण हवं, आणि त्यावरच्या आरोग्यसेवा व्यावसायिकाला तीन ते सहा वर्षांत किमान छत्तीसशे तासांची पदवी हवी, असं तो कायदा म्हणतो. सहा महिन्यांचा कोर्स या मोजपट्टीत कुठे बसतो, ते ज्याचं त्याने ठरवावं.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी आहे. तिच्या शाखा कॉलेजगणिक वेगळ्या असतात, म्हणून प्रवेशवर्षाची पुस्तिका घेऊन शाखेचं नाव बघूनच पुढे जा. तमिळनाडूत 'अ‍ॅक्सिडेंट अँड इमर्जन्सी केअर टेक्नॉलॉजी' या नावानेच बीएस्सी मिळते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही तो अभ्यासक्रम आहे. घर सोडायची तयारी असेल तर दक्षिणेकडे जरूर बघा, तिथे या विषयाला आपल्यापेक्षा आधी मान मिळाला. आणि घरात कुणी बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेलं असेल, तर त्यांच्यासाठी पुण्याच्या सिंबायोसिसचा इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. १०८ वर डॉक्टर म्हणून जायचं असेल तर हा त्यांचा रस्ता.

मला विचाराल तर आणखी एक वाट सुचवेन, जी पालकांना लगेच पटते आणि मुलांना उशिरा: आधी नर्सिंग. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग, त्यानंतर दोन वर्षं कॅज्युअल्टी किंवा आयसीयू, मग लाइफ सपोर्टचे कोर्स. नर्सिंगची नोंदणी पक्की, सरकारी जागा निघतात, आणि आपत्कालीन सेवेत मन रमलं नाही तर माघारी यायला दार उघडं असतं. मुलगी असेल तर घरचा विरोधही कमी होतो. मात्र सायरनची ओढ ज्याला स्वस्थ बसू देत नाही, त्याला वॉर्डातल्या चादरी बदलायला लावू नका. तो दोन्हीकडून जाईल.

संस्था पारखायची कशी? इमारत, वायफाय आणि फोटोंतला पांढरा कोट यांवरून काहीच कळत नाही. विचारायचं ते एवढंच: कॅज्युअल्टीत किती तास, कोणत्या रुग्णालयात, आणि त्या रुग्णालयाचं संमतीपत्र दाखवता का? आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे आणि त्याला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. धाराशिवपासून सीमेपलीकडच्या गावांपर्यंतचा रुग्ण तिथे येतो. अशा ठिकाणची एक रात्र पुस्तकाच्या पन्नास पानांना भारी पडते. 'आमचं टायअप आहे' हे तोंडी उत्तर धरू नका, कागद मागा. सराव करायला छाती दाबण्याची बाहुली किती मुलांमागे एक आहे, लॉगबुकवर सही कोण करतं, परीक्षा कोण घेतं, महाराष्ट्राच्या परावैद्यक परिषदेत या पात्रतेची नोंदणी होते का, हेही विचारा. मागच्या तुकडीतल्या दोघा-तिघांशी स्वतः बोला. संस्थेने निवडून दिलेल्यांशी नको. आणि फी कधीही रोख, पावतीविना देऊ नका.

आत काय शिकवतात याची कल्पना असावी म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. पाया एकच: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. प्रौढ माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची, तीस दाबांमागे दोन श्वास. ऐकायला सोपं आहे, दोन मिनिटांत दंड भरून येतात. शुद्ध किती हे तीन ते पंधरा गुणांच्या मापाने मोजायचं आणि दर काही मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वाहता रक्तस्राव दाबून थांबत नसेल तर टूर्निके कधी बांधायचं आणि बांधल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर का लिहायची. एकाच वेळी वीस जखमी समोर असताना कुणाला आधी उचलायचं आणि जो सर्वांत जास्त ओरडतो तो सहसा पहिला का नसतो.

यातलं बरंचसं जगात सगळीकडे सारखं. सोलापूरने आपल्याला काही जास्तीचे धडे दिले आहेत. गाळप हंगामात पुणे-हैदराबाद महामार्गावर रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री उभ्या असतात आणि मागून मोटरसायकल शिरते. अशा ठिकाणी रुग्णाकडे धावण्याआधी आपली गाडी आडवी लावून, दिवे लावून मागची वाहतूक थोपवायची असते. हे न केल्याने मदतीला गेलेलेच मेले, असं अनेकदा घडलं आहे. उसाच्या फडात साप चावतो. नाग, घोणस, फुरसं, मण्यार या चौघांची लक्षणं वेगवेगळी; मण्यार तर झोपेत चावतो, फारसं दुखत नाही आणि पहाटे पापण्या मिटायला लागतात. दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, हाड मोडल्यासारखा तो अवयव स्थिर करायचा आणि प्रतिविष जिथे आहे त्या जवळच्या रुग्णालयात जायचं. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही, हे नातेवाइकांना न चिडता सांगणं हाही अभ्यासाचाच भाग.

एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर गेला की उष्माघाताचे रुग्ण येतात. तिथे नियम उलटा: आधी गार करा, मग हलवा. कपडे सैल करून, पाणी मारून, पंख्याखाली अंग थंड करायला लागायचं आणि गाडीत ते चालूच ठेवायचं. फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेला शेतकरी आला तर त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या दिसतात, तोंडाला लाळ असते. त्याचे कपडे काढताना हातमोजे नसतील तर विष आपल्याही कातडीतून जातं. आगीतून बाहेर काढलेल्या माणसाच्या नाकपुड्यांत काजळी आणि आवाजात घोगरेपणा दिसला, तर तो बोलत असला तरी त्याचा घसा थोड्या वेळात सुजून बंद होऊ शकतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं पाणी. शाई, टूथपेस्ट, हळद काही नाही.

आणि वारी. आषाढीला पंढरपुरात जी गर्दी जमते, तिथे शिकायला मिळतं ते कुठल्याच कॉलेजात मिळत नाही. २०२३ पासून आरोग्य विभाग 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' या नावाने वाटेवर आणि पंढरीत मोठी व्यवस्था उभी करतो. तिथे बेशुद्ध पडलेला वारकरी पाहिला की नवखा मुलगा हृदयविकार समजून घाबरतो. एकादशीचा उपवास आणि सकाळी न चुकता घेतलेली मधुमेहाची गोळी, एवढंच कारण असू शकतं. बोटावर सुई टोचून साखर बघायला मिनिटही लागत नाही. प्रशिक्षण घेत असाल तर एक आषाढी पंढरपुरात वारकऱ्यांच्या पासष्ट एकरांच्या तळावर किंवा चंद्रभागेच्या वाळवंटावर स्वयंसेवक म्हणून काढा. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेलाही हीच संधी असते.

रुग्णाशी बोलायचं कसं, याकडे अभ्यासक्रम फारसा बघत नाही. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी चारही चालतात. 'कुठं दुखतंय', 'दम लागतोय का', 'काय खाल्लं', 'कुठली गोळी चालू आहे' एवढी वाक्यं चारही भाषांत पाठ करा. म्हाताऱ्या बाईला 'आजी' म्हणा, पूर्व भागात 'अण्णा' म्हणा, हाक मारूनच हात लावा. घाबरलेल्या घरात सूचना एकाच माणसाला द्याव्यात, आणि त्याला काहीतरी काम द्यावं: जुन्या फाइली शोध, दार उघडं धर. रुग्णालयात पोचल्यावर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला अर्ध्या मिनिटात सांगता आलं पाहिजे: काय झालं, केव्हा झालं, काय सापडलं, काय केलं. तुमची किंमत तिथे त्या अर्ध्या मिनिटावर ठरते.

कायदाही थोडा हवा. अपघात, विषबाधा, भाजणं ही पोलिसांपर्यंत जाणारी प्रकरणं. कपडे कापताना चाकूच्या छिद्रातून कात्री न्यायची नाही, कारण तो पुरावा असतो. रस्ता अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवस कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. कोणती रुग्णालयं तिच्यात आहेत हे गाडीवरच्या माणसाला माहीत असेल, तर नातेवाइकांची अर्धी धावपळ वाचते. आणि आपली हद्द ओळखा. गावात लोक तुम्हाला 'डॉक्टर' म्हणू लागतील. संध्याकाळी घरी सलाईन लावायला बोलावतील, दोनशे रुपयेही देतील. जाऊ नका. एक वाईट रिअ‍ॅक्शन, आणि नोंदणी, नोकरी, अब्रू तिन्ही जातात.

शरीराबद्दल दोन शब्द. ऐंशी किलोचा माणूस तिसऱ्या मजल्यावरून अरुंद जिन्याने खाली आणायचा तर पाठ सरळ ठेवून गुडघ्यांतून वाकता यायला हवं. या पेशात पाठ लवकर जाते. हेपटायटिस बीची लस तीन डोसांत, सहा महिन्यांत पूर्ण होते. कॅज्युअल्टीत पाऊल ठेवण्याआधी पहिला डोस घेतलेला असावा. रात्रपाळी, सणावारी ड्युटी आणि डोळ्यांदेखत जाणारी माणसं, विशेषतः मुलं, याची तयारी कुणीच पूर्ण करून येत नाही. मन बधिर करायला दारूकडे वळलेली माणसं या क्षेत्रात आहेत. ड्युटी संपल्यावर ज्याच्याशी बोलता येईल असा एक जुना सहकारी शोधून ठेवा.

पगाराचं खरं बोलायचं तर सुरुवात थोडक्यावर आणि बहुतेक कंत्राटावर होते. तो वाढतो अनुभवाने आणि कार्डांनी. लाइफ सपोर्टचे बीएलएस, एसीएलएस आणि अपघात उपचाराचे आयटीएलएस किंवा पीएचटीएलएस हे कोर्स करावे लागतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोनच वर्षं चालतं, नंतर पुन्हा परीक्षा. आखातात जायचं तर पदवी, अनुभवाचे दाखले, कागदपत्रांची मुळापासून पडताळणी आणि परवान्याची परीक्षा लागते, म्हणून पहिल्या नोकरीपासून प्रत्येक अनुभवपत्र लेटरहेडवर, तारखांसह घेऊन ठेवा. ब्रिटनमध्ये 'पॅरामेडिक' हे नाव नोंदणीशिवाय लावणं गुन्हा आहे, आणि नोंदणी करणारी संस्था इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत एकंदर सात गुण मागते. मराठी माध्यमाच्या मुलाने इंग्रजी पहिल्या वर्षापासूनच धरावं. शेवटच्या वर्षी ते होत नाही.

सोलापूरला या कामाची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. इथेच १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि युद्धभूमीजवळ जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच गेले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक प्रवेश घेण्याआधी एकदा बघून या, तिकडून जाताना बहुतेकांना ते माहीतही नसतं.

मग घरी या आणि कागद-पेन घेऊन बसा: प्रमाणपत्राचं नाव, देणारं विद्यापीठ किंवा मंडळ, कॅज्युअल्टीचे तास, रुग्णालयाचं संमतीपत्र, परिषदेची नोंदणी. या पाचांपैकी एकाही रकान्यात 'नंतर सांगतो' असं उत्तर असेल, आणि वर 'आजच शेवटची तारीख आहे' म्हणून कुणी घाई करत असेल, तर त्या दिवशी पैसे भरू नका.